चेंडू देण्याआधी टेबलाकडे पाहा

नमस्कार श्रोतेहो.

बास्केटबॉलचा पंच कसा असावा, यावर मला दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. दहा मिनिटं म्हणजे आमच्या खेळातला बरोबर एक क्वार्टर. फरक इतकाच, की आमच्याकडे शिट्टी वाजली की घड्याळ थांबतं. इथे स्टुडिओत ते कुणासाठीच थांबत नाही. म्हणून पाल्हाळ न लावता सुरू करतो. असं मी दर वेळी म्हणतो.

पहिली गोष्ट. चेंडूकडे पाहू नका.

हो, बरोबर ऐकलंत. प्रेक्षक चेंडू पाहतात, खेळाडूंचे आईवडील चेंडू पाहतात, माइकवाला चेंडू पाहतो. पंचानं माणसं पाहायची. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये जेम्स नेस्मिथ या शिक्षकानं हा खेळ काढला, तेव्हा त्याच्या तेरा नियमांत दोन अधिकारी होते. एकानं चेंडूचा निवाडा करायचा, दुसऱ्यानं माणसांचा. आज दोन्ही कामं प्रत्येक पंचाच्या गळ्यात आहेत, आणि नवा पंच हमखास त्यातलं सोपं ते उचलतो. चेंडूमागे डोळे पळवत बसतो. अहो, फाऊल चेंडू करत नाही, माणूस करतो. आणि माणसांतही आधी बचाव करणारा पाहायचा.

त्याचं काय पाहायचं? तर तो एका उभ्या पिंपात आहे असं समजा. पुढून तळव्यांपर्यंत, मागून बुडापर्यंत, बाजूंनी हातापायांच्या कडांपर्यंत. एवढं पिंप त्याचं, आणि पिंपावरची हवाही त्याचीच. तो आधी येऊन जागेवर उभा असेल, हात सरळ वर असतील, उडी सरळ वर असेल, आणि समोरचा येऊन त्याच्यावर आदळला, तर बचाव करणाऱ्याचा दोष नाही, मग तो कितीही जोरात पडो. हात पिंपाबाहेर आले, कंबर पिंपाबाहेर आली आणि धक्का लागला, तर दोष त्याचा. निम्मं पंचकाम या पिंपात आहे.

आता हे दिसायचं कसं? दोन पंच असतील तर एक बास्केटखाली एंड लाइनबाहेर, दुसरा मागून येणारा. हे तुम्हाला माहीत आहे. माहीत नसतं ते एवढंच, की दोन खेळाडू तुमच्या नजरेच्या रेषेत एकामागे एक आले की तुम्ही कितीही जवळ असा, तुम्हाला काहीही दिसत नाही. त्या दोघांमधली फट दिसली पाहिजे. लग्नात फोटोग्राफर नवरानवरीच्या पुढ्यात उभा राहिला की आपण काय करतो? एक पाऊल बाजूला सरकतो. तेच करायचं. पुढे धावायचं नाही, बाजूला सरकायचं.

आणि शिट्टीची घाई नको. हालचालीची सुरुवात पाहा, मधलं पाहा, शेवट पाहा, मग फुंका. अर्धा सेकंद उशिरा आलेली शिट्टी लोक विसरतात. चुकून वाजलेली शिट्टी तोंडात परत घेता येत नाही. फाऊल असेल तर मूठ वर, नुसता नियमभंग असेल, ट्रॅव्हलिंग म्हणजे चेंडू न आपटता पावलं टाकणं वगैरे, तर पंजा उघडा. पुन्हा सांगतो: फाऊलला मूठ, नियमभंगाला पंजा.

शिट्टीवरून आठवलं. आमच्या उमेदीच्या काळात शिट्टीत वाटाण्याएवढी गोळी असायची. पावसाळ्यात ती फुगायची, अडकायची आणि ऐन वेळी नुसती फूस निघायची. कॅनडाचे एक बास्केटबॉल पंच, रॉन फॉक्सक्रॉफ्ट, यांची शिट्टी अशीच भर सामन्यात अडकली. ते इतके वैतागले की त्यांनी बिनगोळीची शिट्टीच तयार करवून घेतली. १९८७ मध्ये ती बाजारात आली, आज जगभर पंचांच्या गळ्यात तीच आहे. मला मात्र ती जुनी गोळीवाली आवडायची. तिचा आवाज थरथरायचा, त्यामुळे आपण किती घाबरलोय ते कुणाला कळायचं नाही.

असो. ज्यासाठी मी आलोय ती गोष्ट आता. आमच्या घरी हिला मी यूट्यूब लावताना दिसलो की ही म्हणते, “पुन्हा तेच तीन सेकंद?” होय, पुन्हा तेच तीन सेकंद.

साल १९७२. म्युनिक ऑलिंपिक. बास्केटबॉलची अंतिम लढत, अमेरिका विरुद्ध सोव्हिएत संघ. अमेरिकेतल्या टीव्हीच्या सोयीसाठी सामना जवळजवळ मध्यरात्री सुरू केलेला. १९३६ पासून ऑलिंपिकमध्ये अमेरिका एकही सामना हरलेली नव्हती. आणि त्या रात्री मात्र ती मागे होती, शेवटची काही सेकंदं उरली तेव्हा ४९–४८ अशी एका गुणानं मागे. तेवढ्यात अमेरिकेच्या डग कॉलिन्सनं मध्येच पास पळवला, बास्केटकडे धावला, त्याच्यावर जबर फाऊल झाला, तो जाऊन बोर्डाच्या खांबापाशी कोसळला. उठला. घड्याळात तीन सेकंद. दोन फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता एकेका गुणासाठी दोनदा चेंडू टाकायचा.

पहिला आत. ४९–४९.

दुसरा टाकायला त्यानं चेंडू उचलला, आणि कोर्टाकडेच्या टेबलावरून, जिथे घड्याळ आणि गुण सांभाळणारे बसतात तिथून, भोंगा वाजला! लक्षात घ्या, ऐन फ्री थ्रोच्या वेळी भोंगा. सोव्हिएत प्रशिक्षकांचं म्हणणं, आम्ही टाइमआउट मागितला होता. पंच होते ब्राझीलचे रेनातो रिगेत्तो. त्यांनी टेबलाकडे मान वळवली, पण खेळ थांबवला नाही. कॉलिन्सनंही भोंग्याला भीक न घालता चेंडू आत घातला. ५०–४९, अमेरिका पुढे.

सोव्हिएत संघानं चेंडू आत फेकला, खेळ सुरू, आणि तिकडे त्यांची माणसं टेबलावर जाऊन हातवारे करू लागली. खेळ थांबवला. घड्याळात एक सेकंद. आता टेबलापाशी ही गर्दी! एक पंच ब्राझीलचे, दुसरे आर्तेनिक अरबाजियान बल्गेरियाचे, सामना जर्मनीत, भांडणारे रशियन आणि अमेरिकन. कोण कुणाला काय सांगणार? तेवढ्यात आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे महासचिव विल्यम जोन्स प्रेक्षकांतून उठून खाली आले आणि त्यांनी तीन बोटं दाखवली. तीन सेकंद परत द्या. सामना चालू असताना असा हुकूम सोडायचा त्यांना नियमानं काहीही अधिकार नव्हता. पण साहेबच बोलल्यावर नाही कोण म्हणणार?

(इथे मला आपल्याकडचे उद्घाटनसमारंभ आठवतात. सकाळी आठचा सामना, साडेदहाला नारळ फुटतो, मग पाहुणे मैदानाच्या मधोमध उभे राहून पहिली बास्केट मारणार, ती लागेपर्यंत मारणार, आणि पोरं उन्हात. बास्केट आयोजकांनीच मारून टाकावी आणि पाहुण्यांना थेट चहाला न्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण ते जाऊ द्या.)

तर तीन सेकंद द्यायचे ठरले. आता कान देऊन ऐका, कारण माझ्या मते खरी चूक इथे झाली. घड्याळवाला घड्याळ लावतोय, फलकावर पन्नास सेकंद दिसताहेत, काम अर्धवट. आणि पंचांनी चेंडू देऊन टाकला! सोव्हिएत खेळाडूनं लांब पास फेकला, भोंगा वाजला, पास चुकला. अमेरिकेची पोरं नाचायला लागली, माणसं मैदानात घुसली. जिंकलो, जिंकलो. तर टेबलावरून निरोप, नाही हो, घड्याळ लागलंच नव्हतं. पुन्हा खेळा. तीन सेकंद.

सगळे जोन्ससाहेबांना शिव्या देतात. द्यायला हव्यातच. पण मला विचाराल तर तो अर्धा सेकंद पंचाचा. चेंडू हातातून सोडण्याआधी त्यानं एकदा टेबलाकडे पाहायला हवं होतं. घड्याळ तयार? तयार. मग चेंडू. चेंडू देण्याआधी टेबलाकडे पाहा. लिहून घ्या: चेंडू देण्याआधी टेबलाकडे पाहा.

तिसरी वेळ. चेंडू फेकणाऱ्या इवान येदेश्कोपुढे अमेरिकेचा टॉम मॅकमिलन, सात फुटांना जेमतेम इंचभर कमी, हात फैलावून नाचतोय. अरबाजियान यांनी हातानं काहीतरी खूण केली. मॅकमिलनला वाटलं, मागे सर म्हणताहेत. तो मागे सरला. मी तसं सांगितलंच नव्हतं, असं अरबाजियान पुढे म्हणाले. ती खूण मी पंचवीस वेळा पाहिली असेल, मला अजून तिचा अर्थ लागलेला नाही. म्हणून आमच्या शिबिरात मी पोरांना सांगतो, पंचाचा हात पुस्तकातल्या खुणेसाठीच हलला पाहिजे. माशी हाकलायची तरी खेळ थांबलेला असताना हाकला. आपल्याकडे काही पंच असे हात करतात की चौकातला वाहतूक पोलीस बरा.

वाट मोकळी झाली. येदेश्कोनं कोर्टाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत चेंडू भिरकावला. अलेक्झांडर बेलोवनं दोन अमेरिकनांच्या मध्ये उडी मारून तो झेलला आणि सावकाश, अगदी सावकाश, आत घातला. ५१–५०. सोव्हिएत संघ विजेता. आणि गंमत पाहा, कॉलिन्सनं पळवलेला तो पास बेलोवचाच होता.

अमेरिकेनं तक्रार केली. पाच जणांची समिती बसली, निकाल तीन विरुद्ध दोन, तक्रार फेटाळली. अमेरिकेच्या खेळाडूंनी रौप्यपदकं घेतली नाहीत, ती कधीच घेतली नाहीत. आणि रिगेत्तोंनी? गुणपत्रिकेवर सही करायला नकार दिला. सामना चालवणाऱ्या मुख्य पंचाची सही नाही. हे मला पदकांपेक्षा मोठं वाटतं, कारण आमच्या कामाचा शेवट भोंग्यानं होत नाही, सहीनं होतो.

आज सोयी खूप आहेत. शेवटच्या मिनिटात घड्याळ सेकंदाचे दहावे भाग दाखवतं. बोर्डाच्या कडेला लाल दिवे लागतात. दिवा लागण्याआधी चेंडू हातातून सुटला असेल तर बास्केट गुणांत धरायची. थ्रो-इनच्या, म्हणजे रेषेबाहेरून चेंडू आत फेकायच्या वेळी ०.३ सेकंद उरले असतील तर झेलून टाकायला वेळ आहे. त्याहून कमी असतील तर नुसता हात लावून ढकललेला किंवा थेट दाबून घातलेला चेंडूच गुणांत धरायचा. मोठ्या सामन्यांत पंच पडद्यावर जाऊन पुन्हा पाहतात.

आपल्या शालेय स्पर्धांत यातलं काय असतं? सिमेंटचं कोर्ट, शाळेच्या प्रयोगशाळेतून आणलेलं स्टॉपवॉच आणि टेबलावर नववीतला एक मुलगा. मीही चुकलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या ठिकाणी, बरोबरीचा सामना, शेवटची काही सेकंदं. मी ऐटीत चेंडू दिला, मुलांनी पास केला, बास्केट झाली, जल्लोष झाला. वळून पाहतो तर घड्याळवाला पोरगा उभा राहून गुणपत्रिकेवर दोन्ही हातांनी छत्री धरून उभा. पावसाचे चार थेंब पडले होते आणि पहिल्या क्वार्टरची लाल शाई ओघळायला लागली होती. स्टॉपवॉच खिशात. “सर, तुम्हीच म्हणालात, कागद जपा.” म्हणालो होतो खरा. दोन्ही संघांच्या सरांची बोलणी खाल्ली आणि तेवढी सेकंदं परत खेळवली. पोराला काय बोलणार?

तेव्हापासून सामन्याआधी मी टेबलावर जातो. मुलाचं नाव विचारतो. थ्रो-इन असेल तर घड्याळ कधी सुरू करायचं, विचारतो. “चेंडू आतल्या खेळाडूच्या हाताला लागला की, सर.” फेकल्यावर नाही ना? “नाही सर.” मी हात असा खाली कापला की? “सुरू, सर.” मग त्याला सांगतो, मी चेंडू हातात घेऊन तुझ्याकडे बघेन. तू तयार असलास की अंगठा वर कर. नसलास तर करू नकोस, मी थांबेन.

परवाच्या सामन्यात असाच चेंडू घेऊन उभा होतो. दोन्ही बाकांवरून आरडाओरडा, एक पालक थेट लाइनपर्यंत आलेले, “अहो सर, द्या ना चेंडू!” तिकडे पोरगं मान खाली घालून घड्याळाचं बटण दाबून बघतंय. एकदा दाबलं. पुन्हा दाबलं. मग वर पाहिलं आणि अंगठा केला.

मी चेंडू दिला.