सिस्टमटॅप टाकताना आणि काढताना

मंडळी, सर्व्हर स्लो झाला की आपण आधी टॉपमध्ये कोणता प्रोग्राम किती सीपीयू खातोय ते बघतो, मग एसट्रेस लावून तो कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, काय मागतोय ते बघतो, तिथंही काही हाती लागलं नाही की कोणीतरी म्हणतं चला सिस्टमटॅप टाकूया, म्हणजे चालू कर्नलच्या आत काय चाललंय ते स्क्रिप्ट लिहून बघायचं टूल. टूल जबरदस्तच आहे, सोलारिस या युनिक्सवाल्यांकडे डीट्रेस नावाचं असंच टूल होतं आणि लिनक्सवर तसं काही नव्हतं म्हणून 2005 मध्ये रेड हॅट, आयबीएम, इंटेल वगैरेंनी मिळून सुरू केलं. पण वापरायचं कसं ते आज नाही, टाकताना आणि त्याहून जास्त काढताना काय होतं तेवढंच बोलतो.

डीएनएफ, म्हणजे पॅकेज टाकायची-काढायची कमांड, तिनं डीएनएफ इन्स्टॉल सिस्टमटॅप मारलं की पॅकेज येतं, आणि पहिलीच स्क्रिप्ट चालवली की एरर. का, तर हे टूल तुमच्या स्क्रिप्टचा सी कोड बनवतं, त्याचं कर्नल मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा तुकडा, कंपाइल करतं आणि चालू कर्नलमध्ये घालतं. त्यामुळे कर्नल-डेव्हल, म्हणजे मॉड्यूल कंपाइल करायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइल्स, लागतं, बऱ्याचशा स्क्रिप्टना डीबगइन्फोही, म्हणजे कर्नलमधली फंक्शन्स नि व्हेरिएबल्स कुठं आहेत त्याची माहिती, लागतं, आणि दोघांचं व्हर्जन चालू कर्नलशी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळायला लागतं. बहुतेक लोक इथंच अडकतात, कर्नल अपडेट झालेलं असतं पण मशीन रीबूट केलेलं नसतं, डीएनएफ बिचारं लेटेस्ट डेव्हल आणून देतं आणि चालू असतं जुनंच! म्हणून आधी युनेम डॅश आर मारून चालू कर्नलचं व्हर्जन बघा, मग स्टॅप-प्रेप चालवा, ते जुळणारी पॅकेजेस स्वतः शोधतं. डिस्कवर जागा आहे का तेही बघा, डीबगइन्फो जीबीच्या हिशोबात जागा खातं. सिक्युअर बूट, म्हणजे फक्त साइन केलेला कोडच चालू देणारी सेटिंग, चालू असेल तर साइन न केलेलं मॉड्यूल लोडच होणार नाही, तो वेगळाच ताप.

आता काढणं. डीएनएफ रिमूव्ह मारलं आणि तिकीट क्लोज केलं, असं सर्रास चालतं. पण पॅकेज काढल्यानं चालू मॉड्यूल निघत नाही ना! कोणी स्टॅप, म्हणजे सिस्टमटॅपची स्क्रिप्ट चालवायची कमांड, डॅश कॅपिटल एफ नं बॅकग्राउंडला सोडून दिलेलं असेल, किंवा किल डॅश नाइन मारलेलं असेल, तर मॉड्यूल कर्नलमध्येच बसून राहू शकतं. म्हणून पॅकेज काढायच्या आधी एलएसमॉड मारून लोड झालेल्या मॉड्यूल्सची यादी बघा, स्टॅप आणि अंडरस्कोरनं सुरू होणारं लांबलचक नाव दिसलं तर स्टॅपरन डॅश डी आणि ते नाव, झालं. हा क्रम उलटा केलात तर स्टॅपरनच गेलेलं असतं, मग आरएमएमॉड या मॉड्यूल काढायच्या साध्या कमांडशी झटापट करत बसा. त्यानंतर डीबगइन्फो काढा, ते आपोआप जाईलच असं नाही. होम फोल्डरमधला डॉट सिस्टमटॅपचा कॅश उडवा, आणि स्टॅपडेव्ह या सिस्टमटॅप वापरायची परवानगी देणाऱ्या ग्रुपमध्ये कोणाकोणाला घातलं होतं तेही बघा, कारण त्या ग्रुपमधला माणूस म्हणजे जवळजवळ रूटच.

नव्या कर्नलवर बीपीएफट्रेस हे मॉड्यूल न घालता असंच काम करणारं टूल असेल तर यातलं बरंचसं लागतच नाही, कंट्रोल सी मारलं की प्रोब, म्हणजे कर्नलमध्ये लावलेले टेहळणीचे बिंदू, निघून जातात, मी तर आता तेच आधी बघतो. पण 3.10 कर्नलवाली जुनी मशीन्स अजून ढिगानं आहेत, तिथं सिस्टमटॅपच.

आणि एक गोष्ट राहतेच. स्लॅश प्रॉक स्लॅश सिस स्लॅश कर्नल स्लॅश टेंटेड ही फाइल कॅट करून बघा, बहुतेक वेळा 12288 दिसेल, म्हणजे बाहेरचं आणि साइन न केलेलं मॉड्यूल कधीतरी लोड झालं होतं. मॉड्यूल काढलं तरी हा आकडा रीबूटपर्यंत हलत नाही. पुढं कर्नल क्रॅश झालं तर सपोर्टवाले हाच आकडा धरून पहिला प्रश्न विचारतात, तेव्हा कोणी, कधी, कशासाठी टाकलं होतं ते तिकिटात लिहून ठेवा.