स्टिल का स्पार्कलिंग

नमस्कार मंडळी. जेवणं झाली का? नसतील झाली तर ताट घेऊनच बसा रेडिओजवळ, कारण आज बोलायचंय मुंबईतल्या त्या भारीतल्या हॉटेलांबद्दल, ज्यांच्या काचेतनं आपण आत डोकावतो आणि नको बाबा म्हणून पुढं सरकतो.

मीपण तसलाच. पण भाच्याला नोकरी लागली, पहिला पगार झाला, म्हणाला मामा या, चांगल्या ठिकाणी नेतो. रात्री सोलापुरातनं मुंबईच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसला बसलो, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून हॉटेलात हजर. नाव नाही सांगत, कशाला उगीच. बसतोय न बसतोय तोच एक पोरगं आलं, वाकून विचारलं, सर, स्टिल का स्पार्कलिंग? मला वाटलं ताट-वाटीचं विचारतंय, म्हटलं स्टीलचं चालेल की! भाचा टेबलाखालनं पाय मारतोय. ते पाण्याचं होतं हो, साधं का बुडबुडेवालं. बाटली आली, आणि नंतर बिलात तिची किंमत बघून प्यालेलं पाणी परत घशाशी आलं. तर तुम्ही सरळ साधं पाणी मागा, मिळतं, कोण काय म्हणत नाही.

आता जायचंच तर कुठं? ताज बघा, 1903 चं. त्यात गोल्डन ड्रॅगन आहे, 1973 पासनं. सिचुआन, म्हणजे आपण ज्याला शेजवान म्हणतो, त्या पद्धतीचं चायनीज भारतात पहिल्यांदा तिथं आलं असं मानतात. म्हणजे आपल्या सोलापूरच्या सात रस्त्यावर गाडीवाला कढई आपटत जो लालभडक शेजवान राईस देतो ना, त्याचं लांबचं का होईना पण नातं तिथलं. काळा घोड्याला तृष्णा आहे, तिथला बटर-पेपर-गार्लिक खेकडा प्रसिद्ध, आणि शिजवायच्या आधी जिवंत खेकडा टेबलाशी आणून दाखवतात, भित्र्या माणसानं खुर्ची जरा मागं घ्यावी.

पण मला खरी मजा वाटते ती गिरण्यांतल्या हॉटेलांची. महालक्ष्मीला लक्ष्मी वूलन मिल्सच्या आवारात मास्क म्हणून आहे, 2016 ला सुरू झालं. तिथं कार्ड बघून ऑर्डर द्यायची भानगडच नाही, दहा कोर्स ठरलेले, एकामागनं एक येणार, जे येईल ते खायचं, म्हणजे आपली पंगतच की, फक्त वाढपी आग्रह करत नाही. 2023 ला आशियातल्या बेस्ट पन्नास हॉटेलांच्या यादीत सोळावा नंबर, भारतातनं पहिला. लोअर परळला कमला मिलमधे बॉम्बे कॅन्टीन, 2015 चं. ते काढणाऱ्यांतले फ्लॉइड कार्डोझ मूळ मुंबईचे, न्यूयॉर्कमधे नाव काढलेले शेफ, 2020 च्या मार्चमधे कोरोनानं गेले. आपल्याकडच्या साध्या भाज्या, धान्यं यांना तिथं मान आहे.

1982 च्या संपानंतर तिथल्या गिरण्या बसत गेल्या, साचे, म्हणजे माग, गेले, जागा राहिल्या, आता तिथं मेणबत्त्या लावून लोक जेवतात. माझा आजा सोलापूरच्या लक्ष्मी-विष्णू मिलमधे पाळी करायचा, फडक्यात बांधलेली भाकरी साच्याशेजारीच सोडायचा. त्याला हे सांगितलं असतं तर म्हणाला असता, गप बे.

हां, बिलाचं राहिलंच. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजाराच्या वर आहे तिथं जेवणावर जीएसटी 18 टक्के, बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटला 5. आणि सर्व्हिस चार्ज द्यायची सक्ती नाही, दिल्ली हायकोर्टानं 2025 च्या मार्चमधे तेच सांगितलंय. बिलातनं काढा म्हणायला लाज वाटत असेल तर भाच्याला पुढं करा.

तर आमच्या त्या हॉटेलात तिसरी का चौथी प्लेट आली. प्लेट परातीएवढी, आणि मधोमध कडक भाकरी, दहाच्या नाण्याएवढी! वर शेंगाचटणीचा ठिपका, बाजूला दह्याचे तीन थेंब. पोरगं इंग्लिशमधे ज्वारीचं कौतुक सांगतंय, आणि मी मंगळवेढ्याच्या अलीकडं वाढलेला माणूस, आमच्या ज्वारीला 2016 लाच जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, मला काय सांगतो. पण भाकरी खरंच चांगली होती, खोटं कशाला बोलू, पापडासारखी कुडुम वाजली. चटणी मात्र मिक्सरवरची. उखळात कुटली की शेंगदाण्याला जे तेल सुटतं, तिखट त्यात मुरतं, ते नव्हतं, कोरडा भुगा नुसता.

पोरग्यानं विचारलं, कसं वाटलं सर? मी सांगून टाकलं. भाच्यानं डोक्याला हात लावला. ते पोरगं आत गेलं आणि शेफलाच घेऊन आलं, पंचविशीतला असेल, मराठी येत नव्हतं त्याला. मी मोडक्या हिंदीत, हातानं कुटायची ॲक्शन करून सगळं सांगितलं, शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली. त्यानं खिशातनं मोबाईल काढला आणि म्हणाला, अंकल, उखळ का स्पेलिंग क्या है?