सॉफ्टवेअर लिहून घेण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

एखादी व्यावसायिक कल्पना सुचावी, ती ॲप किंवा संकेतस्थळाच्या रूपानेच प्रत्यक्षात येणार हे उघड असावे आणि आपल्याला मात्र प्रोग्रामिंगचा गंधही नसावा, अशा वेळी बहुतेक उद्योजक सर्वांत आधी दोन-चार सॉफ्टवेअर कंपन्यांकडून कोटेशन मागवतात. आलेल्या आकड्यांचा एकमेकांशी काही मेळ बसत नाही. एखादा दुसऱ्याच्या कित्येक पट रक्कम सांगतो, आणि कोणीतरी आपल्याला लुबाडत आहे अशी शंका येते. क्वचित ती खरीही असते. पण बहुधा प्रत्येकाने आपापल्या मनाने निराळेच सॉफ्टवेअर कल्पिलेले असते, कारण नेमके काय हवे आहे हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. तंत्रज्ञान न जाणणाऱ्या संस्थापकाचा पैसा सर्वाधिक वाया जातो तो या संदिग्धतेपायी, आणि ती दूर करायला कोड लिहिता यावा लागत नाही.

पहिला प्रश्न, ही वस्तू कोणाला हवी आहे का, हा सॉफ्टवेअरशिवायही तपासता येतो. निक स्विनमर्न यांना १९९९ मध्ये इंटरनेटवर बूट विकायचे होते, परंतु पायात घालून न पाहता लोक बूट घेतील की नाही, हे कोणालाच सांगता येत नव्हते. गोदाम आणि साठा उभारण्याऐवजी त्यांनी दुकानांत जाऊन बुटांची छायाचित्रे काढली, ती एका साध्या संकेतस्थळावर टाकली आणि मागणी आली की त्या दुकानातून जोडी विकत घेऊन ग्राहकाला पाठवली. त्यातून झॅपोस ही कंपनी उभी राहिली आणि २००९ मध्ये ती ॲमेझॉनने विकत घेतली. २००८ मध्ये सुरू झालेल्या, सवलतीची कूपने विकणाऱ्या ग्रुपॉनचे पहिले रूप म्हणजे वर्डप्रेस या तयार साधनावरचा एक ब्लॉग होता, आणि कूपने पीडीएफ करून ईमेलने धाडली जात. यशस्वी कंपन्यांच्या अशा कथा सांगताना फसलेल्यांची आठवण कोणी काढत नाही, हे मान्यच आहे. तरीही स्विनमर्न यांना नकारार्थी उत्तर मिळाले असते, तर त्यांचे नुकसान फार थोडे झाले असते, आणि आपल्या दृष्टीने महत्त्व त्यालाच आहे.

आज एक ऑनलाइन फॉर्म, एक स्प्रेडशीट आणि पैसे भरण्याची लिंक एवढ्या भांडवलावर पहिल्या काही ग्राहकांची सेवा करता येते. पडद्यामागची सारी उठाठेव आपण स्वतः करायची. ती करताना ज्या कामाने जीव मेटाकुटीला येतो, ते सॉफ्टवेअरकडे आधी सोपवावे. जे काम आठवड्यातून एकदाच निघते, ते खुशाल हातानेच चालू द्यावे.

यानंतरची पायरी म्हणजे बबल, ग्लाइड, एअरटेबल यांसारखी नो-कोड साधने, म्हणजे कोड न लिहिता ॲप जुळवून देणाऱ्या सेवा. त्यांचे मासिक भाडे वापरासोबत वाढत जाते, आणि बबलमध्ये बनवलेले ॲप तिथून उचलून दुसऱ्या सर्व्हरवर नेता येत नाही. फक्त त्यातली माहिती बाहेर काढता येते. हे पत्करून सुरुवात करण्यात काहीच गैर नाही, मात्र ते आधी ठाऊक असावे. कृत्रिम बुद्धिमत्तेला साध्या भाषेत सांगून कोड लिहून घेण्याची पद्धतही आता रूढ झाली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचे संशोधक आंद्रेय कारपथी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये तिला ‘व्हाइब कोडिंग’ असे नाव दिले. नमुना उभा करायला ती उत्तम आहे. पण असा नमुना लोकांसाठी खुला करण्यापूर्वी एक परीक्षा कोणालाही घेता येते. आपल्या खात्यात जाऊन एखादी नोंद उघडावी, ब्राउझरच्या पत्त्यात शेवटी ४१ असा क्रमांक दिसत असेल तर तो ४२ करून पाहावा. दुसऱ्याच ग्राहकाचे नाव आणि पत्ता समोर आला, तर ते ॲप अजून कोणाच्याही हाती देण्याजोगे नाही. ही परीक्षा उत्तीर्ण झाली म्हणजे सारे सुरक्षित आहे असेही नव्हे. पैशांचे व्यवहार किंवा खासगी माहिती असेल तिथे अनुभवी डेव्हलपरकडून तपासणी करून घेण्याचा खर्च टाळू नये.

समजा, या वाटेने जाऊन मागणी सिद्ध झाली आणि आता डेव्हलपर नेमायचा आहे. त्याच्या हाती द्यायचा कागद कसा असावा, हे एका वाक्यावरून पाहू. भेटीची वेळ ठरवून देणाऱ्या सेवेच्या मालकाने लिहिले, ‘ग्राहकाला वेळ बदलता यावी.’ वाक्य निरुपद्रवी दिसते. पण ठरलेल्या वेळेच्या किती तास आधीपर्यंत बदलता यावी? पैसे आधीच भरले असतील आणि नव्या वेळेचा दर जास्त असेल, तर फरक कोणी आणि केव्हा द्यायचा? मोकळी झालेली वेळ तत्क्षणी इतरांना दिसावी का, आणि तीच वेळ दोघांनी एकाच क्षणी निवडली तर ती कोणाला मिळावी? समोरच्या व्यक्तीला सूचना जाऊन तिने होकार द्यायचा, की बदल आपोआप पक्का धरायचा? एकच ग्राहक पुन्हा पुन्हा वेळ बदलत राहिला तर? यांतले एकही उत्तर तांत्रिक नाही; सारी व्यवसायाची आहेत आणि मालकाखेरीज ती कोणी देऊ नयेत. ती लिहिलेली नसतील, तर डेव्हलपर स्वतःच्या अंदाजाने देतो, अंदाज चुकला की काम उकलून पुन्हा करावे लागते, आणि त्या दुहेरी कामाचे बिल आपल्याच नावावर निघते. कदाचित ही उत्तरे लिहिता लिहिताच मालकाच्या ध्यानात येईल की पहिल्या आवृत्तीत वेळ बदलण्याची सोय नकोच. ‘बदलासाठी फोन करा’ एवढी एक ओळ पुरेल. त्या कागदावर खर्च असा मुळातच कापला जातो. सोबत प्रत्येक पडद्याचे पेन्सिलने काढलेले चित्र असावे. चित्रकला वाईट असली तरी चालते.

लॉगिन, पैसे स्वीकारणे, नकाशे यांसाठी तयार सेवा असतात. त्या नव्याने लिहून घेऊ नयेत. शक्यतो ॲपऐवजी मोबाइलवर नीट दिसणाऱ्या संकेतस्थळापासून आरंभ करावा. ॲप आपल्या स्टोअरवर ठेवू देण्यासाठी ॲपल वर्षाला ९९ डॉलर आणि गुगल प्ले एकदाच २५ डॉलर घेते. ही रक्कम किरकोळ आहे, पण दोन्हीकडची छाननी आणि दोन्हींवरची चाचणी यांत जाणारा वेळ किरकोळ नाही.

डेव्हलपर निवडताना तासाच्या दरावर भुलू नये. आधी एक छोटे, मोबदला देऊन करवून घेतलेले काम द्यावे आणि तो प्रश्न किती व कसे विचारतो ते पाहावे. एकही प्रश्न न विचारता ‘होऊन जाईल’ म्हणणाऱ्यापासून मी तरी चार हात दूर राहीन. पुढे दर आठवड्याला चालू स्थितीतले सॉफ्टवेअर आपल्याला वापरून पाहता यावे, आणि हप्ते त्या चालत्या भागांशी बांधावेत. ‘ऐंशी टक्के काम झाले’ या वाक्यावर पैसे सोडू नयेत.

डोमेन (संकेतस्थळाचे नाव), होस्टिंग (ते जिथे ठेवलेले असते ती सर्व्हरची जागा), सोर्स कोडचा (लिहिलेल्या मूळ कोडचा) साठा आणि ॲप स्टोअरची खाती पहिल्या दिवसापासून आपल्या नावावर असावीत, डेव्हलपरला त्यांत केवळ प्रवेश द्यावा. कोडचे हक्कही करारात लेखी हस्तांतरित करून घ्यावेत, कारण अनेक देशांच्या कायद्यांनुसार स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने लिहिलेला कोड, पूर्ण पैसे दिलेले असले तरी, लेखी कराराअभावी त्याच्याच मालकीचा राहू शकतो.

सॉफ्टवेअर तयार झाल्यावरही खर्च थांबत नाही. क्लाउडच्या, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या सर्व्हरच्या, बिलावर मर्यादेची सूचना लावून ठेवावी, मात्र ॲमेझॉन किंवा गुगल यांच्या सेवांमधली ती सूचना सहसा केवळ कळवते, खर्च आपोआप रोखत नाही, हे लक्षात असू द्यावे. मोबाइलच्या नव्या प्रणाली दरवर्षी येतात आणि त्यांच्याशी जुळवून घेण्याचे काम दरवर्षी निघते. शिवाय ग्राहकांनी वापरायला सुरुवात केल्यावर सुचणारे बदल तर खरे महत्त्वाचे असतात. म्हणून हाती आलेल्या कोटेशनची रक्कम आपल्या एकूण भांडवलाएवढी भरत असेल, तर सही करण्याआधी मागण्यांची यादी पुन्हा हाती घेऊन ती निम्मी करावी आणि त्या निम्म्या यादीचे नवे कोटेशन मागवावे.