बूट टेंटच्या बाहेर ठेवू नका! | रात्रीचा मुक्काम, जनावरं आणि गायब होणारं सामान

नमस्कार मंडळी. गौताळा अभयारण्याच्या व्हिडिओखाली दोन प्रश्न थांबायचं नाव घेत नाहीत. पहिला, ‘दादा, रात्री बिबट्या आला तर काय करायचं?’ दुसरा, ‘आमचं सामान रात्रीतून गेलं, तिकडचे लोक चोर आहेत का?’ दिवाळी झाली, थंडी पडली की सगळ्यांना एक रात्र उघड्यावर काढायची असते. रील बघून टेंट आलेले असतात, सॅक भरलेल्या असतात. म्हणून आज दोन्ही प्रश्न एकदाच घेतो. झोपायच्या आधीचा अर्धा तास तुम्ही कसा घालवता, यावर या दोन्हींचं बरंचसं उत्तर ठरतं.

आधी साध्या गोष्टी पटापट. गौताळा औट्रमघाट 1986 पासून अभयारण्य आहे, वनविभागाच्या परवानगीशिवाय आत मुक्काम नाही. पितळखोऱ्याची लेणी, अजिंठा, देवगिरी या संरक्षित जागा आहेत, तिथं रात्र काढायचीच नाही. मग कुठं? गावाच्या कडेला, मारुतीच्या देवळात, शाळेच्या ओट्यावर, नाहीतर शेतमालकाला विचारून त्याच्या शेतात. पोलीस पाटलाच्या कानावर घाला, घरी ठिकाण कळवा. बॅटरी, जादा सेल, शिट्टी, पाणी, औषधं. झालं. हे तुम्हाला माहीत आहे, पुढं चला.

आता बूट.

मी प्रत्येक ग्रुपमध्ये हेच बघतो. टेंट लागला की सगळे जण बूट काढून दाराशी ओळीनं मांडतात. का, तर वास येतो, माती आत येते. घरची सवय आहे ती, उंबऱ्याबाहेर चपला. पण रानात उंबरा नसतो हो! तुमच्या दृष्टीनं दार असेल, कोल्ह्याच्या दृष्टीनं ती त्याची रोजची वाट आहे.

अंतूर किल्ल्याच्या बाजूला एका शेतात आमचा मुक्काम होता. सकाळी आमच्यातल्या एकाचा डावा बूट नाही. उजवा जागच्या जागी. त्यानं मोबाईल काढला आणि रेकॉर्डिंग सुरू, ‘तांड्यावरच्या पोरांनी बूट नेला.’ मी त्याला तिथंच थांबवलं. अरे, एका पायाचा बूट नेऊन कुणी काय करणार आहे? तेवढ्यात मेंढ्या घेऊन एक बाबा आले. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही, नुसतं खाली बघितलं. आणि म्हणाले, ‘पोरहो, बूट भाईर कामून ठुले? हितं रातच्याला कोल्हं फिरतंय.’ मग ते ठसे बघत बघत उताराला लागले, आम्ही मागं. खाली नाल्याच्या काठाला बोरीच्या जाळीत बूट पडलेला. नाडी तुटलेली, आतली जीभ चावून चावून चिंध्या झालेली.

कोल्हा हे कुत्र्याच्याच कुळातलं जनावर. गावातली कुत्री चप्पल पळवतात ना, तोच स्वभाव. घामाचा, चामड्याचा वास आला की तोंडात धरून न्यायचं, थोडं चावायचं, कंटाळा आला की टाकून द्यायचं. तरस तर हाडं, चामडं उचलून आपल्या बिळापर्यंत नेतं. मेलेल्या जनावरांवर जगणारा प्राणी आहे तो, कातड्याचा वास त्याला लांबून येतो. आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा कोल्हाही नसतो न् तरसही नसतं, शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं असतं.

हा झाला जाणारा बूट. आता न जाणारा बूट घ्या, तो जास्त धोक्याचा. रात्री थंडी, जमीन गार, दगडांच्या फटी गार, आणि तुमचा बूट आतून ऊबदार, अंधारा, बंदिस्त. विंचवाला याहून चांगली जागा कोणती? लाल विंचू चावला तर ते नुसतं ‘आग आग होते’ एवढ्यावर थांबत नाही. त्याचं विष हृदयावर जातं. एके काळी आपल्याकडं त्यानं लेकरं दगावायची. डॉ. हिंमतराव बावसकर हे मूळचे आपल्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. त्यांनी महाडला राहून त्यावर प्राझोसिन या गोळीचा उपचार शोधला, जगानं तो मान्य केला, 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या मातीतल्या माणसानं एवढं काम करून ठेवलंय. पण ती गोळी डॉक्टरनंच द्यायची असते आणि डॉक्टर दवाखान्यात असतो. तुम्ही असता नाल्याकाठी. म्हणून सकाळी बूट उलटा करून आपटल्याशिवाय पाय घालायचा नाही. आत ठेवलेला असला तरी आपटायचाच. बोट घालून बघू नका, आपटा.

आणि तिसरी बाजू. बूट बाहेर आहे, म्हणजे रात्री लघवीला उठलात की पहिलं पाऊल अनवाणी पडणार. अंधारात, झोपेत, बॅटरी न लावता. विषारी सापांत मण्यार रात्रीच फिरते, फुरसं खडकाळ माळावर मातीच्याच रंगाचं असतं, दिसत नाही. घोणस निदान कुकरच्या शिट्टीसारखा आवाज करून सांगते तरी. मण्यार काहीच सांगत नाही आणि तिचा दंश बऱ्याचदा जाणवतसुद्धा नाही. मग पोटात दुखतं, पापण्या जड होतात, श्वास लागतो, आणि बरोबरचे म्हणतात, रात्रीचं जेवण बाधलं असेल. असं काही दिसलं की थेट दवाखाना. 108 लावा. बांधाबांध नाही, ब्लेड नाही, मांत्रिक नाही. पाय हलवायचा नाही आणि सर्पदंशाची लस जिथं असेल त्या सरकारी दवाखान्यात जायचं. कोणता जवळ आहे हे संध्याकाळीच गावात विचारून ठेवा.

मग बूट ठेवायचे कुठं? पिशवीत घालून, तोंड बांधून, टेंटच्या आत पायथ्याशी. वास येतो? येऊ द्या. मागच्या व्हिडिओखाली एकानं लिहिलं होतं, ‘आमच्या महाग टेंटमध्ये मातीचे बूट कोण घेणार.’ दादा, टेंट धुता येतो.

बुटांवर फार बोललो, पण बोलणं भाग होतं. आता बाकी सामान, आणि इथं मला जरा राग येतो.

काही गेलं की पहिला संशय गावावर. तांड्यावर, गवळ्यांवर, मेंढपाळांवर. हे कमेंटमध्ये वाचताना मला वाईट वाटतं. ज्या सकाळी तो बूट गेला, तिच्या आदल्या संध्याकाळी त्याच तांड्यावरच्या एका मावशींनी आम्हाला हंडाभर पाणी दिलं होतं. भाकरीवर ठेचा दिला होता आणि पैसे घेतले नव्हते. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी माणसं तुम्हाला हंडाभर पाणी देतात आणि तुम्ही व्हिडिओत त्यांना चोर म्हणता? जगात चोर नाहीत असं मी म्हणत नाही. रस्त्यालगत गाडी लावून मोबाईल सीटवर ठेवाल तर जाईलच. पण रानातल्या मुक्कामात गेलेली वस्तू कुठली आहे ते आधी बघा. साबण? उंदीर, घूस, नाहीतर पहाटेचा कावळा, साबणातली चरबी खातात ती. बिस्किटाचा पुडा, केळी, पोळीचा डबा? दिवसा वानर, रात्री उदमांजर. पॉवरबँक किंवा चष्मा असेल तर आधी स्वतःची स्लीपिंग बॅग पालथी करून झटका.

हेच उलट्या बाजूनं सांगतो. जे वासाचं आहे ते जनावर नेतं. जे किमतीचं आहे ते माणूस नेतो. खरकट्या पिशवीसकट डबा गेला आणि शेजारचा कॅमेरा तसाच असेल, तर गावाकडं बोट दाखवायचं कारणच नाही.

म्हणून खाणं. धपाटे, चटणी, शेव, जे काय आणलं असेल ते घट्ट झाकणाच्या डब्यात. डबा सॅकमध्ये आणि सॅक उघड्यावर नाही. देवळात मुक्काम असेल तर खुंटीला नाहीतर कडीला टांगा. खरकटं टेंटमागं फेकू नका. ‘मुंग्या खातील’ म्हणतात. मुंग्या खातात, मग उंदीर येतो, उंदरामागं साप येतो. स्वयंपाक एका जागी, झोप तिथून लांब. मांस भाजणार असाल तर माझा सल्ला आहे, त्या रात्री नका भाजू.

आता बिबट्या.

गौताळ्यात आहे, अजिंठ्याच्या डोंगरात आहे, बालाघाटाच्या डोंगररांगेत आहे. 2020 मध्ये आष्टी तालुक्यात आणि पुढं करमाळ्याकडं बिबट्यानं माणसं मारली, ती भीती बीडची माणसं विसरलेली नाहीत आणि विसरायला सांगणारा मी कोण. ज्या शेतात एकट्या माणसाला रात्रीची लाइट येते म्हणून उसाला पाणी द्यायला जावं लागतं, त्याची भीती खरी आहे. तुम्ही मात्र हौसेनं जाताय, तुमच्याकडं पर्याय आहे. ज्या शिवारात बिबट्याची चर्चा ताजी आहे तिथं मुक्काम करू नका. उसाच्या फडाला लागून टेंट नको, पाणवठ्याजवळ नको. फेब्रुवारीनंतर पाणी आटतं, उरलेल्या डबक्यावर सगळं रान येतं. तुम्ही तिथंच झोपलात तर तुम्ही त्यांची वाट अडवलीत.

समोर आलाच तर पळायचं नाही, वाकायचं नाही, खाली बसायचं नाही. बसलेला माणूस त्याला लहान जनावर वाटतो, म्हणून रात्री लघवीला, परसाकडं जाताना एकटं जायचं नाही, उजेड घेऊन आणि बोलत जायचं. उभं राहा, हात वर करा, मोठ्यानं बोला, तोंड त्याच्याकडं ठेवून मागं सरका. लेकरू बरोबर असेल तर आधी उचलून घ्या. उचलताना खाली बसू नका.

अस्वलाचं वेगळं. नाक फार तीक्ष्ण, नजर अधू. अचानक जवळ सापडलात तर ते दचकतं आणि अंगावर येतं. किनवट, माहूरच्या बाजूला मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात, तेव्हा पहाटे मोहाखालून जाऊ नका. चालताना आवाज करत चला, गाणं लावून नव्हे, बोलत. झाडावर चढून वाचू असं कुणी म्हणत असेल तर अस्वल तुमच्यापेक्षा चांगलं चढतं.

‘वाघ आलाय म्हणे, मग जायचंच नाही का?’ हा प्रश्नही खूप जणांचा. 2021 मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला वाघ गौताळ्यात कॅमेऱ्यात आला. 2024 च्या शेवटी धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीच्या रामलिंग घाटात वाघ दिसला. मला हे वाचून आनंद झाला, खोटं कशाला बोलू. एवढी शेतं, रस्ते, गावं ओलांडून तो इथवर आला. पण त्याच्या मागावर जाणं, ठसे शोधत रात्री बॅटऱ्या मारणं, हे बंद करा. रामलिंगला दर्शन दिवसा घ्या आणि वनविभाग सांगेल ते ऐका.

आणि एक जनावर कुणीच विचारत नाही. आग्या मोहोळ. पितळखोऱ्याच्या, अजिंठ्याच्या, देवगिरीच्या कड्यांवर पोळी लटकलेली असतात. कड्याखाली चूल पेटवली, धूर वर गेला की संपलं. ड्रोन उडवू नका, अत्तर मारून जाऊ नका. माश्या उठल्या तर तोंड झाकून लांब पळा. इथं मात्र पळायचं. पाण्यात उडी मारायची नाही, त्या वर थांबतात.

सकाळी काही गायब दिसलं तर काय करायचं, तेवढं सांगतो. सगळ्यांना जागच्या जागी उभं करा, ठसे तुडवू नका. कुत्रं, कोल्हा, तरस यांच्या ठशात नखं उमटतात, बिबट्याच्या ठशात उमटत नाहीत. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा असतो. ठसे उताराकडं, नाल्याकडं, झुडपाकडं जातात का बघा आणि उजाडल्यावर दोघं-तिघं मिळून तेवढ्या टापूत शोधा. ठसा बिबट्याचा वाटला तर शोधू नका, गावात सांगा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

तुमचंही काही असं गेलं असेल तर खाली लिहा. काय गेलं, कोणत्या महिन्यात, कुठल्या तालुक्यात. वस्तू परत सापडली असेल तर दातांच्या खुणांचा फोटो काढा, ठशाचा काढा, शेजारी काडेपेटी ठेवून काढा म्हणजे आकार कळेल. ज्या गावात मुक्काम केला त्या गावाचं नाव चोरीच्या गोष्टीत मात्र लिहू नका, आधी ठसे बघू.