तुटक जबाबामागचं मूल

(दृश्य: वकिलाचं कार्यालय. टेबलाशेजारी एक छोटी खुर्ची.)

घरातल्या मारहाणीची घटना वकिलाला क्रमाने हवी असते. समोर बसलेलं मूल मात्र पडद्याच्या रंगाबद्दल बोलतं, मग टीव्हीच्या आवाजाबद्दल, आणि मध्येच गप्प होतं.

याला लगेच टाळाटाळ समजू नये. जिवावर बेतल्यासारखं वाटतं तेव्हा मेंदूतला अमिग्डला धोक्याचा इशारा देतो, आणि प्रसंगांची सुसंगत नोंद ठेवणाऱ्या हिप्पोकॅम्पसचं काम विस्कळीत होऊ शकतं. आवाज, वास ठळक उरतात. वार आणि वेळ निसटतात. उलटतपासणीत नेमकं यावरच बोट ठेवलं जातं.

(दृश्य: वही मिटलेली. वकील मुलाच्या उंचीला खाली बसलेली.)

'तू ओरडली का नाहीस?' या प्रश्नात मुलाला दोषारोपच ऐकू येतो. 'त्याने मारलं ना?' हा सूचक प्रश्न तर साक्षच बिघडवतो. मूल मोठ्या माणसाच्या मनासारखं उत्तर देऊन मोकळं होतं. तोच प्रश्न पुन्हा आला, की आपलं चुकलं असं समजून उत्तर बदलतं.

मानसशास्त्रज्ञ मायकेल लॅम्ब आणि सहकाऱ्यांनी मुलांशी अशा प्रसंगांबद्दल बोलण्यासाठी घडवलेली 'एनआयसीएचडी' ही मुलाखतपद्धत वेगळी सुरुवात करते. माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हण. माझं चुकलं तर मला सांग. मग एखाद्या साध्या प्रसंगावर बोलण्याचा सराव. त्यानंतरच, 'काय झालं ते सगळं सांग.' आणि मग थांबायचं. प्रश्नांवर पोट असलेल्या वकिलांना हे थांबणंच सर्वांत जड जातं, पण मुलाचे स्वतःचे शब्द तिथेच येतात.

(दृश्य: न्यायालयाबाहेरचा बाक. एक आई.)

पालक चिडतात, तारखा चुकवतात. त्यांना बेजबाबदार ठरवणं सोपं आहे. पण अनेकदा तेही अशाच घरात वाढलेले असतात, आणि अधिकाराच्या आवाजाने आजही दचकतात. त्यांना पुढची पायरी आधी सांगितली, लिहून दिली, तर संताप बराच निवळतो.

संयुक्त राष्ट्रांच्या 1989च्या बालहक्क संहितेचं 12वं कलम मुलाला स्वतःचं म्हणणं मांडण्याचा हक्क देतं. तो हक्क खोट्या आश्वासनांवर उभा राहत नाही. 'कुणालाही सांगणार नाही' किंवा 'तू नक्की घरी जाशील' असं वकिलाने कधीच म्हणू नये. निकाल न्यायाधीशांचा असतो. भेट संपताना पुन्हा कधी भेटायचं, खोलीत कोण असेल, एवढं सांगावं. आणि त्या दिवशी वेळेवर हजर राहावं.