भिंतीवरची बंदूक आणि शोकेसमधली पुंगळी

बसा बसा, मागं खुर्च्या आहेत अजून. दसरा तोंडावर आलाय. खंडेनवमीला तुम्ही सगळे माळ्यावरनं, ट्रंकेतनं लोखंड बाहेर काढणार, तेल लावणार, हळदकुंकू वाहणार आणि मग फोटो काढून स्टेटसला टाकणार. पूजा करा, त्याला कायद्याची ना नाही. पण त्या फोटोत काय काय दिसतंय ते एकदा बघून टाका, कारण फोटोवरनं पोलीस दारात आल्याच्या दोन केसेस मी स्वतः वकील म्हणून चालवल्यात आणि दोन्हीकडं घरच्यांचं पहिलं वाक्य एकच होतं, "अहो, ती जुनी आहे हो, पणजोबांची!"

इथंच सगळे फसतात. आपला शस्त्र कायदा १९५९ चा, त्याचं कलम ४५ काही गोष्टींना सूट देतं, त्यात जुन्या धाटणीची, पुरातन मोलाची किंवा मोडकी शस्त्रं येतात. एवढंच वाचून लोक खूश होतात आणि पुढचं वाचतच नाहीत. पुढं लिहिलंय की ते हत्यार दुरुस्ती न करता किंवा करूनसुद्धा बंदूक म्हणून वापरता येणार नाही असं पाहिजे. "करूनसुद्धा" हा शब्द डोक्यात ठेवा. म्हणजे घोडा गंजलाय, स्प्रिंग तुटलीय, पण गावातला चांगला लोहार चार दिवसांत ती चालू करू शकतो, मग ती शंभर वर्षांची असो नाहीतर दोनशे, सूट गेली.

ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातनं दारू ठासून भरायच्या बंदुकीचंच घ्या. लोकांना वाटतं हे म्युझियमचं सामान. अहो, याच कायद्यात पिकांच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीला परवाना देण्याची सोय आहे, कलम १३ बघा! कायद्याच्या लेखी ती जिवंत बंदूकच आहे, नळी धड असेल तर दारू, छर्रे आणि टोपी (ठोका बसला की दारू पेटवणारी ती छोटी टिकली), संपला विषय. भिंतीवर टांगली म्हणून ती शोभेची वस्तू होत नाही.

हां, २०२० साली नियम जरा सैल झाले. क्युरिओ, म्हणजे जुन्या, संग्रहात ठेवण्याच्या वस्तू, या प्रकारात मोडणारी छोटी शस्त्रं भारतीय नागरिकाला विनापरवाना ठेवता येतात, पण वापरायची किंवा बाहेर न्यायची तर परवाना लागतो आणि परवान्यावर तिची नोंद असल्याशिवाय तिच्यासाठी काडतूस कोणी विकायचं नाही. आता ती क्युरिओ आहे हे तुम्ही घरात बसून ठरवू नका, मी पण नाही ठरवणार. फोटो, मापं, नळीवरचे शिक्के, कुणाकडनं आली ते सगळं लिहून अर्ज करा, शहरात पोलीस आयुक्तांकडं, बाकी ठिकाणी जिल्हाधिकाऱ्यांकडं, आणि पोच घ्या. पोच हरवू नका, त्या बंदुकीपेक्षा पोचेला जास्त तेल लावा.

आता दारूगोळा. आपल्या साताऱ्याकडं घरटी एक फौजी, त्यामुळं शोकेसमध्ये पितळी पुंगळ्या, म्हणजे काडतुसाची टरफलं, असतातच, घासून पुसून चकचकीत. रिकामी पुंगळी चालते का? कायदा जरा गमतीदार आहे. दारूगोळ्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे भाग पण धरलेत, म्हणजे पुंगळीसुद्धा आली. पण त्याच कलम ४५ मध्ये किरकोळ भागांना सूट आहे, फक्त त्यांना जोडणारे बाकीचे भाग वापरून पूर्ण वस्तू करायचा इरादा नसावा. म्हणून फुटलेली, टोपीवर ठोका पडलेली एकदोन पुंगळ्यांची आठवण वेगळी आणि ड्रॉवरमध्ये शंभर पुंगळ्या, शेजारी टोप्यांचा डबा आणि दारूची पुडी वेगळी. दुसऱ्या केसमध्ये मी तुमचा वकील असलो तरी मला घाम फुटेल.

जिवंत काडतूस मात्र एक पण नको. किचेनला लावलेलं, काचेत फ्रेम केलेलं, काही असो. विमानतळावर बॅगेत एक काडतूस सापडलं म्हणून गुन्हा, असं बऱ्याच जणांचं झालंय. कोर्ट विचारतं की तुम्हाला माहीत होतं का, जाणीवपूर्वक ताबा होता का, सुप्रीम कोर्टानं हे १९७२ सालीच सांगितलंय, आणि दिल्ली हायकोर्टानं २०१४ मध्ये एका काडतुसाची अशी केस रद्द पण केली. पण बॅगेत विसरलो हे सांगता येतं, शोकेसमध्ये लाइट लावून ठेवलेलं विसरलो कसं सांगणार? आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक किंवा काडतुसाला किमान दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं शिक्षा आहे, दंड वेगळाच.

वडील गेले, परवाना त्यांच्या नावावर, बारा बोअरची बंदूक कपाटात, असं कुणाकडं आहे? हात वर करू नका, नुसतं ऐका. परवाना माणसाबरोबरच संपतो, बंदूक वारसाला आपोआप मिळत नाही. कलम २१ प्रमाणं विनाकारण उशीर न करता ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडं जमा करायची आणि मग आपला अर्ज टाकायचा. आणि आता एका माणसाला दोनच बंदुका, २०१९ च्या आधी तीन होत्या, वारशानं आली म्हणून तिसरी चालत नाही. परवान्याची बंदूक दिवाणखान्यात खुंटीला टांगायची हौस असेल तर ती पण सोडा, सुरक्षित ठेवायची जबाबदारी परवानाधारकाची आहे आणि नातवंडांचा हात खुंटीपर्यंत पोचतो.

तलवारीचं थोडक्यात सांगतो. घरात देव्हाऱ्याजवळ ठेवलीय त्यापेक्षा मिरवणुकीत नाचवलीय यावर गुन्हे जास्त दाखल होतात, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली हत्यार घेऊन फिरायला बंदी लागू असते तेव्हा तर नक्कीच. आणि शंभर वर्षांवरची कट्यार लंडनच्या भाच्याला बॅगेतनं पाठवायचा विचार असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदा आडवा येतो, अशा वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत.

काय आबा, विचारा ना... हां, तोफेच्या गोळ्याची फुलदाणी. ऐका सगळे, हे महत्त्वाचं आहे. तोफगोळे, हातबॉम्ब, रॉकेट ही कायद्यात नाव घेऊन निषिद्ध दारूगोळ्यात घातलीत, त्याची शिक्षा सात वर्षांपासनं सुरू होते. आबांकडचं नुसतं पितळी नळकांडं असेल, बुडाच्या टोपीवर ठोका पडलेला असेल आणि आत मोकळं असेल तर फुलं ठेवा खुशाल. पण वर टोकदार गोळा अजून बसवलेला असेल, किंवा फायरिंग रेंजच्या भंगारातनं कुणी आणून दिलेलं असेल तर हलवू नका, उलटं करून बघू नका, पोरांना बाहेर काढा आणि ११२ ला फोन लावा, बॉम्बशोधक पथक येऊन बघेल. आबा, तुमच्या त्या फुलदाणीत फुलं खालपर्यंत जातात का?

नाही? मग आज रात्री घरात झोपू नका.