दुखणं कोणाचं खरं मानायचं?

नमस्कार श्रोतेहो.

ताप थर्मामीटरवर दिसतो, बीपी मशीनवर दिसतं. दुखणं किती आहे ते दाखवणारं यंत्र मात्र अजून निघालेलं नाही. ते पेशंटनं सांगायचं आणि डॉक्टरनं ऐकून घ्यायचं. सांगणाऱ्यावर विश्वासच बसला नाही, तर तिथून पुढचा सगळा उपचार चुकत जातो. सातपुड्याच्या पायथ्याशी आरोग्य सहायिका म्हणून माझी नोकरी झाली. हे मी तिथं डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून आज हा विषय घेतला.

धडगावकडची एक पावरा आदिवासी आई मुलीला घेऊन खाली शहरातल्या एका दवाखान्यात आली होती. मी सोबत होते. मुलगी असेल तेरा-चौदा वर्षांची. दोन्ही मांड्यांची हाडं ठणकत होती, पण तोंडातून आवाज नाही. बाकाची कड तिनं इतकी घट्ट धरली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, आईच्या पेहरावाकडे पाहिलं आणि मला विचारलं, ‘काय म्हणतात हे लोक?’ मी सांगायला लागले, तर माझं अर्धं होईपर्यंत कागद लिहून तयार. रक्त कमी आहे, लाल गोळ्या द्या. वर मला म्हणाले, ‘सिस्टर, ही माणसं काटक असतात हो. यांना एवढ्या-तेवढ्यानं काही होत नाही.’ तिच्यानंतर एक भिल्ल बाई कण्हत आत गेली. तिला ऐकवलं, ‘नाटकं बंद कर आधी.’ गप्प बसलं तर दुखत नाही आणि कण्हलं तर खोटं. मग या माणसांनी करायचं तरी काय?

त्या मुलीच्या आईला तीनच प्रश्न विचारायला हवे होते. हे पहिल्यांदा कधी दुखलं? थंडीत, भिजल्यावर वाढतं का? घरात आणखी कोणाला असं होतं का? तिच्याजवळ तिन्हींची उत्तरं होती. मुलगी रांगती होती तेव्हापासून तिचे हातपाय सुजायचे. हिवाळ्यात जास्त. आणि तिच्या आधीचा एक मुलगा असाच दुखून दुखून गेला होता. आईनं हे सगळं मला परतीच्या वाटेवर सांगितलं, कारण दवाखान्यात कोणी विचारलंच नव्हतं. पुढे तपासणी झाली आणि सिकलसेल निघाला.

हा आजार आईबापांकडून येतो. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल राहत नाहीत, विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांमध्ये अडकतात आणि हाडांत असह्य कळा येतात. नंदुरबार जिल्ह्यात तर 2011 च्या जनगणनेप्रमाणे जवळपास 69 टक्के लोक आदिवासी आहेत, आणि आपल्या आदिवासी समाजांमध्ये हा आजार बराच आहे. तिथं हाडं दुखणाऱ्या पोरीला पाहून सिकलसेल आठवायलाच हवा.

आता अमेरिकेकडे बघा. तिथं हा आजार मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या लोकांना होतो. कळा असह्य झाल्या की ते रात्री-अपरात्री इमर्जन्सीत जातात, आणि तिथं त्यांच्यावर संशय घेतला जातो, की यांना नशेसाठी वेदनाशामक इंजेक्शन हवं आहे. आजार तोच, कळाही त्याच आणि अविश्वासही तोच. हे वाचलं तेव्हा मला त्या मुलीची पांढरी पडलेली बोटं आठवली.

तिथं निदान याचा कसून अभ्यास तरी झाला आहे. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉक्टर-पेशंटमधलं संभाषण टेप करून तपासलं. गोऱ्या पेशंटशी बोलताना असायचं त्यापेक्षा कृष्णवर्णीय पेशंटसमोर डॉक्टरांचं वर्चस्व 23 टक्के जास्त होतं आणि पेशंटच्या कलानं घेणं 33 टक्के कमी. 2016 साली व्हर्जिनिया विद्यापीठात गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि शिकाऊ डॉक्टरांना काही समजुती खऱ्या की खोट्या ते विचारलं. कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते, अशीही एक समजूत त्यात होती. सुमारे निम्म्या जणांनी अशी निदान एक तरी खोटी समजूत खरी मानली. ज्यांच्या डोक्यात अशा समजुती जास्त, त्यांनी कृष्णवर्णीय पेशंटचं दुखणं कमी धरलं आणि उपचारही कमी अचूक सुचवले. ही पोरं दुष्ट होती असं मला वाटत नाही. कुठंतरी ऐकलेलं डोक्यात बसलं आणि कोणी ते खोडून काढलं नाही. ‘आदिवासी काटक असतात’ हेही आपल्याकडे असंच चालत आलं आहे, आणि तेही कौतुकाच्या सुरात!

आपल्याकडे माणूस नुसत्या रंगावरून ओळखत नाहीत. आडनाव विचारतात, पेहराव बघतात, बोली ऐकतात. पावरी सोडाच, अहिराणीत ‘मन्हं पोट दुखस’ म्हटलं तरी काही ठिकाणी समोरच्याचा सूर बदलतो.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात दर हजार जन्मांमागे पाच वर्षांच्या आत दगावणारी मुलं सुमारे 42 होती, आदिवासींमध्ये 50. हे अंतर सगळं बोलण्यामुळे पडतं असं मी म्हणणार नाही. कुपोषण आहे, रस्ते नाहीत, झोळीत घालून पेशंट आणावा लागतो. पण एवढी पायपीट करून आलेल्या बाईला हिडीसफिडीस केलं, तर पुढच्या खेपेला ती येतच नाही. पोर फणफणत असलं तरी आधी भगताकडे जाते. मग आपण बैठकीत म्हणतो, लोकांना जागृती नाही.

डॉक्टरांची ओढाताण मी जाणते. बाजाराच्या दिवशी ओपीडीत मुंगीला शिरायला जागा नसते. पण तीन प्रश्नांना एक मिनिट लागतं. 2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात पेशंटशी कसं बोलावं हा भाग आला आहे, ही फार चांगली गोष्ट झाली. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती, की या विषयाचा एक तरी तास पावरी, भिलोरी बोलणाऱ्या आशाताईला घेऊ द्या. ती मुलांना शिकवेल, की आईशी बोलायचं असेल तर आईकडेच बघून बोलावं, सोबत आलेल्याकडे नाही.

आणि श्रोतेहो, तुम्ही कोणाला दवाखान्यात घेऊन जात असाल, तर दुखणं कधीपासून आहे आणि घरात आणखी कोणाला आहे हे आधीच विचारून ठेवा. डॉक्टरांनी मध्येच तोडलं तर थांबा आणि पुन्हा सांगा, ‘साहेब, अजून एक सांगायचं राहिलं.’ सिकलसेलची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. लग्न जमवण्याआधी दोघांचीही करून घ्या. ज्यांना आजार आहे त्यांनी भरपूर पाणी प्यावं, थंडीत अंग झाकावं, आणि कळा सुरू झाल्या की दवाखान्याच्या दारातच सांगावं, ‘मला सिकलसेल आहे.’ तपासणीचा कागद सोबत ठेवा, घरी पेटीत ठेवू नका.